बैठकीला या, पासोडी आणू नका

माझं अंबाजोगाईत झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. त्यामुळं गावात कोण कविता करतंय हे त्याच्या घरच्यांच्या आधी मला कळतं. माणूस काउंटरपाशी येतो, शेजारचं गिऱ्हाईक जाईपर्यंत उगाच लग्नपत्रिकांचे नमुने चाळतो आणि मग मोबाइल पुढं करून हळूच म्हणतो, "दादा, एवढ्याची एक प्रिंट काढा. वाचू नका बरं." मी वाचतो. अक्षरं तुटलीत का ते बघायला वाचावंच लागतं. आणि सुटे पैसे परत देताना सांगतो, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चार वाजता आमची लिहिणाऱ्यांची बैठक असते, कच्चं लिखाण वाचून त्यावर बोलायची, या.

आलेल्यांपैकी निम्मे पुन्हा फिरकत नाहीत. बहुतेकांचं लिखाण बरं असतं. पण बैठकीला काय न्यायचं, किती वाचायचं, लोक बोलायला लागले की काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मलाही नव्हतं सांगितलं. म्हणून हे लिहून ठेवतोय.

आधी नुसतं बसा

मंडळ शोधणं अवघड नाही. मराठवाडा साहित्य परिषदेचं मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरला, पण शाखा ठिकठिकाणी आहेत. तुमच्या गावात नसली तर सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालांना गाठा. कोण कुठली पुस्तकं नेतं आणि कोण ती परत करत नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. कॉलेजच्या मराठी विभागातही विचारता येईल. काहीच सापडलं नाही तर लिहिणारी तीन माणसं जमवा. तिघांची बैठक होते. दोघांच्या गप्पा होतात.

पहिल्या दोन बैठकांना काही वाचू नका. ऐका. ही बैठक आहे की छोटं कविसंमेलन, ते आधी ओळखायचं असतं. कविसंमेलनाला मी नावं ठेवत नाही. आमच्या गावात १९८३ला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं होतं, व्यंकटेश माडगूळकर अध्यक्ष होते; त्या मांडवाच्या आठवणी जुनी माणसं अजून काढतात. २०२२ला उदगीरला ९५वं संमेलन झालं तेव्हा आम्ही जीप करून गेलो होतो. माईक असतो, सूत्रसंचालक असतो, समोरून "वा", "क्या बात है" येतं, शाल-श्रीफळ होतं. तिथं दाद घ्यायची असते. बैठकीतून मात्र घरी काम न्यायचं असतं. दोन्हीत फरक करायची माझी साधी खूण आहे: कुणी वाचत असताना ऐकणाऱ्यांच्या हातात पेन्सिल आहे का बघा. एकाच्याही हातात नसेल तर ती मैफल आहे. मैफलीला जरूर जा, पण कच्चं लिखाण तिथं काढू नका. फुकट टाळ्या मिळतील आणि ते कायमचं कच्चं राहील.

काय आणायचं

आमच्याकडं संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. लांबच लांब कापडावर त्यांनी पंचीकरण हा वेदान्तावरचा ग्रंथ लिहून काढला. बाहेरगावचा पाहुणा आला की आम्ही अभिमानानं तिची गोष्ट सांगतो. पण दासोपंतांना चार ते सहाच्या दरम्यान आठ जणांचं वाचन उरकायचं नव्हतं.

कविता असेल तर एक. अगदी लहान असतील तर दोन. कथा किंवा ललित असेल तर हजार-बाराशे शब्द, त्याच्या वर नाही. मी घड्याळ लावून बघितलंय, सावकाश आणि स्पष्ट वाचलं तर मिनिटाला शंभर ते सव्वाशे मराठी शब्द होतात. म्हणजे बाराशे शब्दांना दहा-बारा मिनिटं लागतात. त्यापुढं ऐकणाऱ्याचं लक्ष चहाच्या किटलीकडं जातं. कादंबरी लिहीत असाल तर एका प्रकरणाचा तुकडा आणा आणि मागची हकिगत चार वाक्यांत सांगा. चार वाक्यांत सांगता येईना, तर बैठकीत विचारायचा प्रश्न घरीच सापडला म्हणायचं.

ज्याच्याबद्दल तुम्हालाच शंका आहे ते आणा. छापून आलेलं, बक्षीस मिळालेलं आणू नका. त्यावर कुणी काय बोलणार?

अगदी ताजं दुःखही आणू नका. एकदा एक ताई आई गेल्यावर पंधरा दिवसांत लिहिलेली कविता घेऊन आल्या. वाचता वाचता रडल्या. आम्ही सगळे गप्प. चौथ्या कडव्यात तीच उपमा तिसऱ्यांदा आली होती, पण ते कोण सांगणार? त्या बिचाऱ्या "काहीतरी बोला ना" म्हणत राहिल्या. अशी कविता सहा महिने वहीत राहू द्या. मग आणा. तेव्हा आम्हाला बोलता येईल आणि तुम्हाला ऐकता येईल.

अजून एक. गाव लहान असतं. कथेत सावकार रंगवला आणि नुसतं नाव बदललं तर भागत नाही. त्याची बुलेट, त्याचं घर, त्याच्या दोन बायका तशाच ठेवल्या तर बैठकीतला तिसरा माणूस त्याचा साडू निघतो. नाव, धंदा, गाव आणि नातं, यातलं निदान तीन तरी बदला. असं बदलल्यानं कथा सुधारते असाही माझा अनुभव आहे, कारण मग त्या माणसाचं काय करायचं हे तुम्हाला स्वतःलाच ठरवावं लागतं.

कागद

हा माझ्या धंद्याचा विषय, त्यामुळं जरा लांबेल.

मोबाइलवरून वाचू नका. मध्येच फोन येतो, स्क्रीन विझते आणि ऐकणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. दोघांत एक प्रत पुरते. दहा माणसं येत असतील तर पाच प्रती आणि एक स्वतःची. अक्षर चौदा पॉइंटचं, दोन ओळींत भरपूर जागा, उजवीकडं दोन बोटं समास. पानांना आकडे टाकाच. "ते मधल्या पानावर, नाही, त्याच्या आधीच्या" यात पाच मिनिटं जातात. कविता असेल तर दर पाचव्या ओळीला आकडा टाका. सरळ "बाराव्या ओळीत" म्हणता येतं.

टाइप युनिकोडमध्ये करा. छापखान्यांतून अजून श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट वापरतात आणि त्या फाइली दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडल्या की नुसता कचरा दिसतो. आधी युनिकोडमध्ये ठेवलं तर पुढं कुठंही नेता येतं. मोबाइलवर बोलून टाइप करत असाल तर नंतर डोळ्यांनी तपासा. माझ्या एका कथेतली म्हातारी "कामून रं?" म्हणते, फोननं प्रत्येक ठिकाणी "कानून" करून ठेवलं होतं. सगळ्यात जास्त मार खातो तो दुसऱ्या, सुऱ्या, पायऱ्या यातला आडवा ऱ्य. लोक साधा र घेऊन य जोडतात, मग "दुसर्या" असं होतं आणि र रफार होऊन यावर चढून बसतो. कीबोर्डवर र दाबून धरला की बहुतेक ठिकाणी खाली टिंब असलेला ऱ मिळतो. तो घ्या, हलन्त द्या, मग य. माझ्या दुकानात येणाऱ्या दहा कवितांतल्या सातांत ही चूक असते आणि मी न विचारता ती दुरुस्त करतो. एवढं वाचल्याबद्दल माफ करा.

प्रत्येक पानाखाली तुमचं नाव आणि तारीख हवी. कारण पुढं येईल.

वाचायचं कसं

घरी एकदा मोठ्यानं वाचून या. भिंतीला वाचा, म्हशीला वाचा, पण आवाज काढून. डोळ्यांनी वाचताना न दिसणारी गोष्ट जिभेला अडते.

बैठकीत प्रस्तावना करू नका. "तसं मी काही लेखक नाही", "रात्री घाईत लिहिलंय", "यामागची भूमिका अशी की" हे तिन्ही गाळा. शीर्षक सांगा आणि सुरू करा. पुस्तक छापलं की तुम्ही काही प्रत्येक वाचकाच्या उशाशी बसून भूमिका सांगणार नाही.

आता आमच्या बैठकीतली एक रीत सांगतो, ती तुमच्याकडं नसली तर मागून घ्या. लेखकानं स्वतः वाचायचं नाही. प्रत शेजारच्याच्या हातात द्यायची आणि त्यानं आधी न बघता वाचायची. आपण वाचतो तेव्हा कागदावर नसलेलं सगळं आवाजात घालतो. दुसरा वाचतो तेव्हा कागदावर आहे तेवढंच बाहेर येतं.

माझ्यावर ही पाळी आली ती एका दुष्काळाच्या कथेत. एका वाक्यावर मी खूश होतो: "उन्हाने करपलेल्या, भेगाळलेल्या, पाण्यासाठी आसुसलेल्या त्या काळ्याशार जमिनीकडे हताश नजरेने पाहत आबांनी एक दीर्घ उसासा टाकला." वाचत होते एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका. ते "आसुसलेल्या"पाशी थांबले, श्वास घेतला, पुन्हा सुरू केलं, "हताश"पाशी परत अडकले. शेवटी चष्मा वर करून म्हणाले, "आबा करतेत काय पण?" सगळे हसले. मला तेव्हा राग आला. रात्री दुकान बंद करताना कळलं की आबा खरंच काही करत नव्हते, नुसते विशेषणांच्या मागं उभे होते. आता तिथं दोन वाक्यं आहेत: "आबांनी भेगेत हात घातला. मनगटापर्यंत गेला." काळ्या रानाची उन्हाळ्यातली भेग ज्यानं बघितलीय त्याला उसासा वेगळा सांगावा लागत नाही.

वाचणारा जिथं अडखळेल तिथं तुमच्या प्रतीवर नुसती खूण करा. बाकी काही लिहू नका. त्या खुणा हीच बैठकीची निम्मी कमाई आहे.

लोक बोलायला लागले की

गप्प बसा. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत लेखकानं तोंड उघडायचं नाही. हे फार जड जातं. "अहो, पण मला तिथं असं म्हणायचं होतं" हे वाक्य जिभेवर येतंच. ते वहीत लिहा. म्हणायचं होतं ते कागदावर नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ असतो.

आधी एक प्रश्न मात्र विचारून ठेवा. "कशी वाटली?" हा प्रश्न नाही. त्याला "छान" हेच उत्तर मिळतं, कारण आपल्याकडं समोरासमोर दुसरं काही म्हणणं बरं दिसत नाही. नेमकं विचारा. म्हातारी शेवटी घरात गेली की विहिरीकडं गेली, काय वाटलं? पोरगा खोटं बोलतोय हे कुठं लक्षात आलं? तिसरं कडवं काढलं तर चालेल का? अशा प्रश्नाला माणूस कागद उलटून बघतो आणि मग खरं बोलतो.

एकाच जागेवर दोघांनी बोट ठेवलं तर तिथं काहीतरी आहे असं समजा. दोघांनी उपाय मात्र दोन वेगळे सांगितलेले असतात आणि दोन्ही तुम्हाला पटत नाहीत. नका करू. झंपर कुठं काचतोय ते घालणारी सांगते, शिवण कुठं उसवायची ते शिंप्यानं बघायचं.

काही जण नुसतं शुद्धलेखन काढतात. त्यांचे आभार माना आणि चुका दुरुस्त करा, पण त्याला कथेवरचं मत समजू नका. काही जण तुमचं सोडून स्वतःची कविता म्हणतात. प्रत्येक मंडळात असे एक सर असतात. आमच्यात दोन आहेत.

बोलीचं काय करायचं

हा प्रश्न मराठवाड्यात नवीन माणूस हमखास विचारतो: "असं आमच्या बोलीत लिहिलेलं चालतंय का?" चालतं. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२चे, १९७२ला त्यात भर पडून ते अठरा झाले. पात्राच्या तोंडी "असे केले"ऐवजी "असं केलं" लिहायची सोय त्या नियमांतच आहे. तेव्हा घाबरायचं कारण नाही. अडचण वेगळीच असते. आमच्या घरी "काय करायलास" म्हणतात, उदगीरकडचे पाहुणे "काय करलालास" म्हणतात. लेखक पहिल्या पानावर एक लिहितो, तिसऱ्यावर दुसरं, आणि पाचव्या पानावर तीच म्हातारी पुण्याची होते. एक ठरवा, घरात कानावर पडतं तेच ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. कंसात अर्थ देऊ नका. "इळा" म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याला पुढच्या वाक्यात ज्वारी कापताना दिसलं की कळतं.

उलटही होतं. बोली म्हणजे विनोद, असं धरून काही जण प्रत्येक वाक्यात "लई" आणि "मायला" पेरतात. आपली आजी दिवसभर असं बोलते का ते ऐकून बघा. माझी आजी फार कमी बोलायची आणि त्यातलं निम्मं ओवीतलं असायचं. इथून जवळच गंगाखेड, जनाबाईचं गाव. जात्यावर बसलेल्या बाईची भाषा किती सावध असते, ते ऐकायला अजून माणसं शिल्लक आहेत. त्यांच्यापाशी बसा.

दुसऱ्याच्या लिखाणावर बोलताना

नवीन माणसानं बोलावंच. नुसतं वाचून उठून जाणारा लोकांच्या लक्षात राहतो आणि चांगल्या अर्थानं नाही. पण समोर बसलेले असतात शाळेत आपल्याला शिकवलेले गुरुजी. त्यांना "चुकलंय" कसं म्हणायचं? म्हणू नका. तुम्हाला काय झालं ते सांगा. "सर, तिसऱ्या कडव्यात मी वाट चुकलो, पाऊस कोणावर पडतोय ते कळलं नाही." यात अपमान नाही आणि सरांना जागा कळते. वयानं मोठे असले तर काका, ताई, सर, मॅडम म्हणा. कविता मात्र कविता म्हणूनच बघा. आमच्यातल्या सत्तरीच्या एका सरांनी अकरावीतल्या पोरीच्या सांगण्यावरून शेवटच्या चार ओळी काढल्या. तिला त्यांनी बैठक संपल्यावर पेढा दिला. कुठून आणला कोण जाणे.

एसटी आणि रास

खेड्यावरून येणाऱ्यांना आधी वाचू द्या. शेवटची गाडी साडेसहाला असेल तर पाचला त्यांचं उरकलेलं असलं पाहिजे, बायकांचं तर नक्कीच. तुम्हीच खेड्यावरून येत असाल तर आल्या आल्या सांगा, संकोच करू नका. जूनमध्ये पेरणी आणि ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी चालू असते, तेव्हा निम्मी माणसं येत नाहीत. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या आसपास तर बैठक ठेवूच नका, सगळे रानात भज्जी आणि आंबिलीवर असतात. हुरड्याच्या दिवसांत शेतात बैठक भरवायचा बेत दरवर्षी होतो. वाचन कधीच होत नाही.

बाहेर पाठवताना

बैठकीनंतर दोन दिवसांत दुसरा खर्डा करा. पुढं ढकललं की खुणांचा अर्थ विसरतो. पहिला खर्डा फाडू नका.

प्रती परत गोळा करा. माझी एक चार ओळींची कविता बैठकीतून कुणाच्या तरी मोबाइलमध्ये गेली आणि महिनाभरानं माझ्याच मावसभावानं मला पाठवली, सूर्यफुलाच्या फोटोवर, वर "शुभ सकाळ" आणि खाली "अनामिक". म्हणून पानाखाली नाव. कायदा तुमच्या बाजूनं आहे: १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहून झालं की हक्क तुमचाच, नोंदणीची सक्ती नाही, आणि तो लेखकाच्या हयातीत आणि पुढं साठ वर्षं टिकतो. पण सूर्यफूलवाल्याच्या मागं कोण जाणार? दुसऱ्याचं लिखाण विचारल्याशिवाय पुढं पाठवू नका, एवढं आपल्या हातात आहे.

मासिकाकडं पाठवायचं असेल तर आधी फेसबुकवर टाकू नका. बरेच संपादक अप्रकाशितच मागतात आणि फेसबुकवर आलेलं त्यांच्या लेखी प्रकाशित असतं. १९०९ला 'मनोरंजन'नं सुरू केलेली दिवाळी अंकांची चाल अजून चालू आहे, पण दिवाळीच्या तोंडावर पाठवून उपयोग नसतो, जून-जुलैत पाठवा. एका वेळी एकाच अंकाला. नकार आला किंवा कळवलेली मुदत संपली की दुसऱ्याला.

आणि पैसे मागणाऱ्यांपासून जपा. "आपली कविता प्रातिनिधिक संग्रहासाठी निवडली आहे, सहभाग शुल्क अमुक, सोबत सन्मानपत्र आणि ट्रॉफी." मी भरलेत असे पैसे. संग्रह आला तेव्हा माझ्या कवितेचं शेवटचं कडवं दुसऱ्याच एका कवीच्या नावाखाली छापलं होतं, ट्रॉफीवर माझं आडनाव चुकीचं होतं. फोन उचलला नाही कुणी. तशी पत्रं आता माझ्या दुकानात प्रिंटला येतात तेव्हा मी त्या ट्रॉफीकडं बोट दाखवतो. सुट्या पैशांच्या डब्याशेजारी ठेवलीय, कागद उडू नयेत म्हणून.

तर दुसरा रविवार, चार वाजता. वाचनालयाचा जिना बाहेरून आहे आणि वरचा पंखा आवाज करतो, म्हणून खिडकीजवळ बसा. पहिल्या वेळेला चहाचे पैसे घेत नाही. पुढच्या वेळेपासून दहा रुपये, सुटे आणा.